गुडघाभर पाण्यातला परदेश

"मामा, मागे ये! आधी मागे ये! तू इंग्लंडमध्ये उभा आहेस!"

माझा भाचा वाळूवरून ओरडत होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात झिप लावायची प्लास्टिकची पिशवी, आणि आवाज असा की शेजारच्या खडकावरचे पेलिकन उठले ते थेट क्यूबालाच जाऊन बसले असावेत. मी समुद्रात उभा होतो. गुडघाभर पाण्यात. हे 'गुडघाभर' तेवढं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे या पाण्याला मीच भरती आणणार आहे.

"बाबा, नॉट इंग्लंड," त्याची सात वर्षांची लेक त्याच्या फोनात डोकावत म्हणाली. "इट सेज ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. इट सेज वेलकम."

"तेच ते! इंग्लंडचंच ते! मामा, ये ना रे बाहेर!"

माझी बायको छत्रीखाली बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खात होती. ती म्हणाली, "येतील रे. इंग्लंडला गेले तरी जेवायला येतात ते."

आता हा ओरडा कशासाठी होता ते सांगायला हवं. भाचा शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. माझ्या पुण्याच्या बहिणीचा मुलगा. कंपनीच्या व्हिसावर आलाय, बायको इथेच इस्पितळात डॉक्टरकी शिकतेय, लेक इथे जन्मलेली. म्हणजे घरात अमेरिकन नागरिक एकच, आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले. नोकरीचे कागद त्याचे चोख आहेत. पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. हे प्रकरण असं असतं की शिक्का नसला तरी देशात सुखाने राहता येतं, पण एकदा का देशाबाहेर पाऊल पडलं की परत आत यायला ताजा शिक्का लागतो, आणि तो मिळतो मुंबईला. त्यासाठी तारीख मिळवणं म्हणजे काय, ते ज्याने मिळवली त्याला विचारा. मी ऐकलंय की एक जण लग्नाला गेला आणि तारीख मिळून परत येईपर्यंत त्याच जोडप्याच्या मुलाची मुंज झाली. थोडं इकडेतिकडे असेल. पण महिनोन्‌महिने अडकलेले लोक मी स्वतः पाहिलेत. भाचा अडकला असता तर इकडे ती पोर, आणि दिवसरात्र ड्यूटी करणारी तिची आई. त्यामुळे गेली काही वर्षं तो पुण्यालाही गेलेला नाही. बहीण व्हिडिओवर त्याला बघते आणि फोन ठेवल्यावर मला करते. "तुझ्या जिवावर ठेवलाय त्याला तिथे," असं दर वेळी म्हणते.

असा हा माणूस सुट्टीत जाणार कुठे? तर नायगाऱ्याला. चारदा गेलाय. चारही वेळा अमेरिकेच्या बाजूने. पलीकडून, कॅनडाच्या बाजूने, धबधबा फार सुरेख दिसतो असं सगळे सांगतात, आणि हा इकडच्या कठड्याला धरून तिकडच्या कठड्यावरच्या लोकांचे फोटो काढतो. मला ते बघवेना. मी म्हटलं, "तुला परदेश दाखवतो. पासपोर्टाला हात न लावता."

"मामा, असं काही नसतं."

"असतं. अमेरिकेनेच करून ठेवलंय."

आणि मी त्याला कॅरिबियन समुद्रातली अमेरिकेची व्हर्जिन बेटं समजावून सांगितली. ही बेटं पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने डेन्मार्ककडून विकत घेतली. तिथे जन्मलेला माणूस अमेरिकेचा नागरिक. टपाल अमेरिकेचं, डॉलर अमेरिकेचा, झेंडा अमेरिकेचा. पण तिथे राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, आणि वॉशिंग्टनला त्यांचा जो प्रतिनिधी जातो त्याने बोलायचं, पण सभागृहात कायद्यावर मत द्यायची वेळ आली की गप्प बसायचं. बेटं अमेरिकेच्या मालकीची आहेत, पण अमेरिकेचा भाग नाहीत, असं काहीसं कायदा म्हणतो.

"म्हणजे काय?" भाचा म्हणाला. "मालकीची आहेत पण भाग नाहीत?"

"आमचं गॅरेज," बायको आतून म्हणाली.

तिने एका शब्दात घटनापीठाचं काम केलं. आमच्याकडे मासे तळायचे असले की ती गॅरेजमध्ये शेगडी मांडते, म्हणजे घरात वास येत नाही. गॅरेज घराचंच. टॅक्स त्याचाही आपणच भरतो, छप्परही आपणच शाकारतो. पण पाहुणा आला की त्याला कुणी गॅरेजमध्ये बसवत नाही. भाच्याला ते पटलं. तरी त्याने कुठल्याशा वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, जा, व्हिसाच्या हिशेबात ती बेटं देशातच मोडतात. फक्त परत येताना विमानतळावर तपासणी असते, तेव्हा सगळे कागद बरोबर ठेव. आणि शेजारीच ब्रिटिशांची बेटं आहेत, तिकडे बोटीने जाऊ नको. तिकडे गेलास की बाहेर गेलास.

कागद बरोबर ठेव म्हटल्यावर आमच्या भाच्याने ते असे ठेवले की विचारू नका. लोक बीचवर टॉवेल नेतात. हा पासपोर्ट, कंपनीची पत्रं आणि व्हिसाच्या मंजुरीचे सगळे कागद झिपच्या पिशवीत घालून गळ्याशी धरून फिरायचा. पुऱ्याही तसल्याच पिशवीत होत्या. पहिल्याच दिवशी हॉटेलच्या बाईने ओळखपत्र मागितलं तेव्हा त्याने तिच्यापुढे पुऱ्या सरकवल्या. तिने एक घेतली.

भाच्याच्या बायकोला ड्यूटी सुटली नाही, म्हणून आम्ही चौघेच या बेटांपैकी सेंट थॉमसला उतरलो होतो. तिथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. अख्ख्या अमेरिकी मुलखात हे एवढंच ठिकाण. मी खूश. तरुणपणी वेंगुर्ल्याच्या घाटीत डाव्या बाजूने स्कूटर चालवलेला माणूस मी. इतकी वर्षं इलिनॉयमध्ये उजवीकडून जाताना माझा आत्मा डावीकडून चालत होता. पण या लोकांची गंमत अशी की रस्ता डावीकडचा आणि स्टिअरिंगही डावीकडेच. म्हणजे दरीकडे मी आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या तोंडी बायको. रस्ते असे उभे की पुढची चाकं कॅरिबियन समुद्रात आणि मागची अटलांटिकमध्ये. बायको नोकरीत भूलतज्ज्ञ होती, भल्याभल्यांना तिने झोपवलंय. त्या रस्त्यावर ती स्वतः डोळे मिटून बसली. म्हणाली, "पोचलो की उठवा. नाही पोचलो तर नका उठवू."

दुसऱ्या दिवशी फेरीबोटीने सेंट जॉनला गेलो. लहानसं बेट, बरंचसं जंगल, आणि रस्त्यावर मोकाट गाढवं. एक गाढव आमच्या गाडीसमोर असं उभं राहिलं की गव्हर्नरने नेमलेलं असावं. त्या बेटाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर टोर्टोला, ब्रिटिशांचं बेट. मध्ये चिंचोळा समुद्र. इतकं जवळ की पलीकडच्या बाईने वाळत घातलेल्या चादरीवरची फुलं मी इथून मोजली. तिथे राजा ब्रिटनचा, पण डॉलर अमेरिकेचा. असं हे जग. आमच्या आजोबांना यात काही नवल वाटलं नसतं. त्यांच्या लहानपणी तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगाल होता. होडीवाल्याला हाक मारली की पोर्तुगालात जाता यायचं, आणि आजोबा काजू घेऊन संध्याकाळी परत यायचे. मी हे सगळं भाच्याच्या लेकीला सांगत सांगत पाण्यात शिरलो. गुडघाभर. तेवढ्यात भाच्याच्या फोनवर तो 'वेलकम'चा संदेश वाजला आणि त्याने ती बोंब ठोकली.

मी बाहेर आलो. भाचा पांढराफटक. "मामा, फोनने नोंद केली. आपण देशाबाहेर गेल्याची नोंद झाली."

"मेल्या, तू वाळूवर उभा आहेस! पायसुद्धा ओले नाहीत तुझे!"

"पण फोन माझा आहे!"

बायकोने त्याला शांतपणे समजावलं. समोरच्या डोंगरावर टॉवर आहे, तो ब्रिटिशांचा. इकडच्या डोंगरामागे अमेरिकेचा टॉवर झाकला गेला. फोनला जो दिसला त्याला त्याने नमस्कार केला. हद्द समुद्राच्या मधोमध आहे, तुझ्या खिशात नाही. त्याला कळलं सगळं. इंजिनिअर आहे तो. तरीपण त्याने फोन विमानाच्या मोडवर टाकला, टॉवेलात गुंडाळला आणि टॉवेलावर बसून राहिला. त्या समुद्राला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. लेक पाण्यातून हाका मारत होती, "बाबा, कम इन, इट्स स्टिल अमेरिका!" तो मान हलवत होता.

झालं ते एवढंच. खरं तर इथे गोष्ट संपते. पण संध्याकाळी हॉटेलात पोहण्याच्या तळ्याकाठी मला टेक्सासचा एक गृहस्थ भेटला. सहा फूट उंच, आणि त्यावर आणखी एक टोपी. बायको वारल्यावर एकटाच फिरत होता. त्याने विचारलं, "आज काय केलंत?" आता मला सांगा, एकटा माणूस, हातात थंड पेला, समोर मावळता सूर्य, आणि त्याला मी सांगू की गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि पुऱ्या खाल्ल्या? माणुसकी आहे की नाही?

मी पाणी कमरेपर्यंत नेलं. तो खूश झाला. दुसऱ्या संध्याकाळी त्याने दोन मित्र आणले, तर पाणी छातीपर्यंत आलं, आणि भाचा माझ्याबरोबर पाण्यात उतरला. तिसऱ्या संध्याकाळी ओहोटी होती. मग आम्ही मामा-भाचे हातात हात घालून चालतच टोर्टोलाला पोचलो. मी वाळूत टॉवेल रोवून तो किनारा वेंगुर्ल्याच्या नावाने ताब्यात घेतला. तिथल्या एका गाढवाने आम्हाला सलामी दिली, आणि भरती यायच्या आत आम्ही परत आलो. टेक्सासवाल्याने मांडीवर अशी थाप मारली की तळ्यात लाटा उठल्या. भाचा रोज त्या वेळी लेकीला झोपवायला खोलीत गेलेला असायचा. बायको तिथेच असायची. तिने एकदाच विचारलं, "त्या पोराला कशाला नेताय पाण्यात?"

"एकट्याने गेलो तर विश्वास कोण ठेवणार?" मी म्हटलं.

परतीच्या दिवशी विमानतळावर मोठी रांग होती. व्हर्जिन बेटांवरून मुख्य देशात जाताना सगळ्यांनाच आधी खिडकीपुढे उभं राहावं लागतं. गॅरेजमधून घरात येताना पाय पुसतात, तसं. नागरिकाने ओळख दाखवायची आणि पुढे जायचं, बाकीच्यांनी कागद दाखवायचे. आम्ही चौघे एकत्र खिडकीशी गेलो. खिडकीत एक तरुण बाई होती, चेहरा इस्त्री केलेला. भाच्याने झिपची पिशवी उघडली. या वेळी बरोबर पिशवी. तिने पासपोर्ट उलटला, संपलेला शिक्का बघितला, मंजुरीची पत्रं बघितली.

"या मुक्कामात बेटांबाहेर कुठे गेला होतात?" तिने विचारलं.

"नाही, मॅडम," भाचा म्हणाला. इतकं सोपं उत्तर होतं.

आणि मागून, दहा माणसांच्या डोक्यावरून, टोपी हलवत टेक्सासचा आवाज आला, "अरे, हाच तो! चालत ब्रिटिश बेटावर गेलेला! आणि तो भाचा! पोरा, तुझ्या मामाने मला सगळं सांगितलंय!"

रांग वळली. बाईने वर बघितलं. भाच्याने रिकामी पिशवी अशी आवळली की तिच्यातली हवा माझ्या तोंडावर आली. हे मी फुगवून सांगत नाही.

"टोर्टोलाला गेला होतात तुम्ही?" तिने भाच्याला विचारलं.

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मला बहीण दिसली, पुण्याच्या स्वयंपाकघरात फोन समोर धरून बसलेली. दोन दात पडलेली पोर बापाच्या शर्टाचं टोक धरून उभी होती. मी पुढे झालो.

"मॅडम, कुणी कुठे गेलं नाही. मी पाण्यात उभा होतो."

"किती पाण्यात?"

आयुष्यभर मी पाणी भरत आलो. उपसायची वेळ पहिल्यांदाच आली. "गुडघाभर," मी म्हटलं.

"मला छातीपर्यंत सांगितलं होतं," टेक्सासवाला आता अगदी जवळ येऊन म्हणाला. तो भला माणूस, मला मदतच करत होता. "मग ओहोटी आली आणि हे दोघं चालत गेले. टॉवेल रोवला. गाढवाचं काय ते सांगा ना यांना."

"कुठलं गाढव?" बाई म्हणाली.

"गाढव सेंट जॉनचं होतं," मी म्हटलं. "म्हणजे अमेरिकेचंच. आमच्या गाडीसमोर नुसतं उभं होतं. सलामी मी नंतर घातली."

"घातली म्हणजे?"

खरं बोलणं किती अवघड असतं ते त्या खिडकीशी कळलं. खोट्याला निदान पुढे जायला रस्ता असतो, खरं तिथल्या तिथे उभं राहतं आणि कुणी ते घेत नाही. मी तिला टॉवर सांगितला, फोनचा संदेश सांगितला, हद्द समुद्राच्या मध्ये कशी असते ते सांगितलं, डेन्मार्कपर्यंत गेलो. ती ऐकत होती, पण मी जितकं खरं बोलत होतो तितका तिचा संशय वाढत होता.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मामाआजोबा ऑलवेज ॲड्स."

"काय करतात?" बाईने तिच्याकडे वाकून विचारलं.

"ही ॲड्स टू द स्टोरी. बाबा डिडन्ट इव्हन गेट वेट. आय टोल्ड हिम इट वॉज स्टिल अमेरिका."

बाईने मग माझ्या बायकोकडे बघितलं. तिने शांतपणे चष्मा काढून पुसला. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर नवऱ्याची थोडी तरी लाज राखली असती.

"फोनवर मेसेज आला, तेवढं खरं," ती म्हणाली. "हा पोरगा टॉवेलवर बसून होता. बाकीचं सगळं ह्यांचं. लग्नात यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं की यांच्या घरी हत्ती आहे."

"होता?" टेक्सासवाल्याने विचारलं.

"म्हैस होती."

इस्त्री केलेल्या चेहऱ्याला पहिली चुणी पडली. तिने भाच्याचा फोन मागितला, संदेश बघितला, आणि परत दिला. "माझ्या आईचं घर त्याच किनाऱ्याच्या वर आहे," ती म्हणाली. "तिला हा संदेश रोज सकाळी येतो." तिने कागद नीट जुळवून पिशवीत घातले, झिपही स्वतःच लावली, आणि हाताने पुढे जायची खूण केली.

पुढे गेल्यावर भाचा पहिल्याच बाकावर बसला आणि बराच वेळ पिशवी मांडीवर धरून राहिला. टेक्सासवाला आला, टोपी काढून भाच्याची माफी मागितली, आणि माझ्याकडे असा बघत निघून गेला, जणू त्याचा टोर्टोलाच मी विकून खाल्ला. मला त्याचंही वाईट वाटलं. विमानात मी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा भाच्याने कानात इअरफोन घातले. दुसऱ्यांदा पोरीने मला पुरी दिली, तोंड बंद राहावं म्हणून.

शिकागोला उतरलो तेव्हा बाहेर बर्फ भुरभुरत होतं. भाच्याची बायको इस्पितळाच्या कपड्यांतच, थेट ड्यूटीवरून, गाडी घेऊन आली होती. लेक तिच्या गळ्यात पडली. तिने भाच्याकडे नीट बघितलं, आधी पिशवीकडे, मग त्याच्या तोंडाकडे. मी गाडीत बसता बसता श्वास भरून घेतला होता. गाढव, ओहोटी, खिडकीतली बाई, आणि त्या बाईच्या हातात मी आता एक तलवारही द्यायच्या बेतात होतो.

"काय मामा, कसा होता मग परदेश?" तिने आरशातून मला विचारलं.

माझ्या आधी भाचा बोलला.

"अमेरिकेतच होतो," तो म्हणाला.